गळलेली ओळ

या रेकॉर्डमधून बँडच्या मास्तरांना मिळण्यासारखं पुष्कळ होतं. एकोणीस वादक, गायक एकही नाही, रॉक आणि जॅझ एकाच कढईत, बावीस मिनिटांची एक रचना आणि तीही भरल्या सभागृहात, एका दमात. जमलं असतं तर ‘हॉटेलात जेवणाऱ्यांच्या चमच्यांना साथ करणारे’ ही वीस वर्षांची ओळख पुसली जाणार होती.

त्यांच्या धाकट्या बहिणीला मिळण्यासारखं एवढंच होतं: कव्हरच्या पाठीवर, तळाशी, बारीक अक्षरांत स्वतःचं नाव. मास्तरांनी तसा शब्द दिला होता. शब्द देण्यात मास्तर कधीच कंजूष नव्हते.

एकोणीस जणांचे स्वरलिपीचे कागद मास्तरांच्या वहीवरून तीच हातानं उतरवायची. मास्तरांना शेवटच्या दिवसापर्यंत सुचत राही आणि छापखाना काही कुणाच्या सुचण्यासाठी थांबत नाही. ट्रॉम्बोन या लांब पितळी वाद्याच्या कागदावर दोन ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. दमलेली नजर पहिलीवरून थेट दुसरीच्या पुढे गेली आणि एक ओळ गळली. त्यावरूनच बाकीच्या दोन ट्रॉम्बोनवाल्यांचे कागद उतरवल्यामुळे चूक तिघांकडे एकमतानं पोचली.

रेकॉर्डिंगच्या रात्री, अकराव्या मिनिटाला सगळा बँड हळू वाजत असताना तिघे ट्रॉम्बोनवाले एक ओळ आधीच गरजले. मास्तरांचा हात हवेत थिजला. ड्रमरनं एकवार तिकडे पाहिलं आणि त्यांच्या मागे गेला. बाकीचे धडपडत एका ओळीनंतर येऊन मिळाले. सभागृह उभं राहिलं. पडद्याआड बोटांवर मोजणाऱ्या बहिणीला मात्र ओळ कुठे गळली ते कळलं होतं.

नंतर मास्तर कडाडले. सर्वांत जाड ट्रॉम्बोनवाला, ज्याला सगळे भोंगा म्हणत, थंडपणे म्हणाला, “कागदात होतं ते वाजवलं. मी कागदाचा नोकर, मास्तर.”

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तेवढ्यात रेकॉर्ड कंपनीचा माणूस धावत आला. “ती मधली जागा! कशी सुचली हो?”

मास्तर जेमतेम अर्धी मात्रा थांबले. “बरेच दिवस डोक्यात घोळत होती.”

आठवड्यानं तिनं विचारलं, “दादा, कव्हरवर माझं नाव?”

“अगं, आता कसं? नक्कल कुणाची हे छापलं की एखादा चिकित्सक कागद वहीशी ताडून बघायला मागणार. रागावलीस?”

“नाही. दमलेय.”

“बरं, दौऱ्यात लोकांना तीच जागा हवीय. ट्रॉम्बोनचे तिन्ही कागद आहेत तसे राहू देत. बाकीचे सोळा त्यांच्याशी जुळवून नव्यानं लिही. माझी मूळ वहीसुद्धा.”

म्हणजे चुकीचे तीन बरोबर ठरले आणि बरोबर होते ते सोळा चुकीचे. चूक करायला तिला क्षण लागला होता; ती सगळीकडे नीट पसरायला नऊ दिवस लागले. शेवटी तिनं जुनी वही स्वतःच फाडली, कारण ते काम सांगायला दुसरं कुणी नव्हतं आणि घरात पसारा नको होता.

एकूण हिशेब असा: मास्तरांना प्रतिभा मिळाली, भोंग्याला टाळ्या, कंपनीला रेकॉर्ड. कव्हरच्या तळाशी जागा कोरी राहिली. आणि बहिणीचा उजवा अंगठा अजून नीट वळत नाही.