सिगांग तेपूचे कान

विमान आलं की आमचं निम्मं बारिओ गाव ते बघायला जमतं. त्या दिवशी त्यातून पुआन झालेहा, म्हणजे झालेहाबाई, उतरल्या. क्वालालंपूरला त्या लहान मुलांची चित्रपुस्तकं काढतात. माझ्या मामेबहिणीचं, सुपांगचं, पहिलंवहिलं पुस्तक त्या छापणार होत्या आणि करारावर तिची सही घ्यायला आल्या होत्या.

पुस्तक साधंच होतं. एक आजी नातीला घेऊन शेतावर जाते, वाटेत रानभाजी खुडते, घरी येऊन भात शिजवते. बारा चित्रं. त्यातली आजी म्हणजे आमचीच आजी, सिगांग तेपू; आमच्याकडे आजीला तेपू म्हणतात. खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या कानाच्या पाळ्या, त्यांत पितळेची जड वळी.

चुलीपाशी बसून पुआन म्हणाल्या, "चित्रं फार गोड आहेत. कान तेवढे नेहमीसारखे कर. शहरातली पोरं घाबरतील म्हणतात आमचे विक्रीवाले. हवं तर छानसे डूल घाल."

तेपूने मला कोपराने ढोसलं, "काय म्हणतेय ती?"

मी आमच्या भाषेत सांगितलं.

"कोण घाबरतं? आण त्याला इकडे," तेपू म्हणाली. "मला बघून आजवर फक्त रानडुकरं पळालीत."

सगळे हसले. तेपू हसली नाही.

"माझ्या वयाच्या बायका मिरी शहरातल्या दवाखान्यात जाऊन पाळ्या कापून, शिवून आल्या. का, तर जुनाट दिसतं. माझा नवरासुद्धा मागे लागला होता. मी म्हटलं, आधी तुझं नाक काप, मग बघू. खरे कान कापू दिले नाहीत, आता कागदावरचे देऊ?"

मी ते जसंच्या तसं पुआनना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातात नाही हो," त्या म्हणाल्या. "सुपांग, देशभर जाईल तुझं पुस्तक. नीट विचार कर."

तीन वर्षं सुपांग याच दिवसाची वाट बघत होती. तिने चित्रं गोळा केली, कापडात गुंडाळली. "कान नसतील तर पुस्तकही नको, पुआन."

विमान गेल्यावर ती भाताच्या कोठारामागे जाऊन रडली.

"मूर्ख आहे ना मी?"

"आहेस," मी म्हटलं. "पण सही केली असतीस ना, तर तुझ्याशी बोलले नसते."

मी इथल्या बालवाडीत शिकवते. शाळेच्या यंत्रावर आम्ही सोळा प्रती काढल्या, मासेमारीच्या दोऱ्याने शिवल्या. रंग सुपांगने आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी भरले. एकीने तेपूला निळे कान दिले. राहू दिले.

वाचनाच्या दिवशी तेपू पुढे बसली होती. पोरं पानातल्या आजीकडे बघायची, मग हिच्याकडे, आणि पाळ्या ओढून बघायला धावायची. नातवाला न्यायला आलेली सिना बुलान दारातच थबकली. तिच्या पाळ्या कधीच्याच कापलेल्या; शिवणीचा व्रण अजून दिसतो. तिने नातवाच्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"सुपांग, मलाही काढशील यात? शेतात, हिच्या शेजारी. कान होते तसे."

"केवढे होते?"

सिना बुलानने गळ्याच्या हाडाखाली बोट टेकवलं.

"खोटारडी!" तेपू ओरडली. "माझ्याएवढे कधीच नव्हते हिचे."

सुपांगने पेन्सिल काढली होती.