तीनशे बारा फाइली

कमलबाई गेल्याचं पुनमने फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनमध्ये तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, ते आईचं रेकॉर्डिंग?"

"देते," मी म्हटलं. "या आठवड्यात नक्की."

आधीच्या दोन्ही वेळी मी "देते, जरा नीट लावून देते," असं म्हटलं होतं. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा कमलबाईंना लकवा होऊन महिना झाला होता आणि वाचा गेली होती. दुसऱ्यांदा विचारलं त्याला दोन वर्षं झाली.

अकरा वर्षांपूर्वी मी जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि साक्री तालुक्याच्या डोंगरातल्या रानभाज्यांची नोंद करत होते. कमलबाई माझ्या वाटाड्या. कुरडू, तरोटा, मोखा, कडूकंद. कोणतं पान कधी खुडायचं, काय किती पाण्यात उकडायचं, ते त्या सांगायच्या आणि मी रेकॉर्डर त्यांच्यासमोर धरायची. पुनम त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती डी.एड. करत होती, आता गावातच अंगणवाडी सेविका आहे.

तिला त्या रेकॉर्डिंगमधली एकच गोष्ट हवी होती. तिचा जन्म डोंगरात, वाटेवर झाला होता. कमलबाई एकट्याच कंद खणायला गेल्या होत्या आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. वाटेने जाणाऱ्या कुणा बाईने त्यांना सोडवलं, नाळ कापली. ती बाई कोण, हे पुनमने लहानपणी कधी नीट ऐकून घेतलं नाही. "आईची तीच तीच गोष्ट, कोण ऐकणार," असं ती मला म्हणाली होती. पुढे तिला स्वतःला मुलगी झाली आणि तिने विचारलं, तर कमलबाई हसल्या. "मॅडमना मशीनमा बठ्ठं सांगेल शे. तठे ऐक." नंतर त्या आजारी पडल्या आणि ते उत्तर तेवढंच राहिलं.

फोन ठेवल्यावर मी कपाटातून हार्ड डिस्क काढली. तीन टेराबाइटची, विभागाच्या अनुदानातून घेतलेली. पिशवीवर माझ्या अक्षरात तारीख आणि आतल्या मजकुराची यादी. मुळात ती एका काळ्या डब्यात होती आणि डबा वायरने कॉम्प्युटरला जोडायचा. डब्याची वीज घेणारी पिन सैल झाली, म्हणून निवृत्त व्हायच्या वर्षी मी स्वतः चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली आणि डबा कॉलेजच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकला. डिस्क म्हणजे महत्त्वाची वस्तू, डबा म्हणजे वेष्टन, असा माझा हिशेब होता. काढल्यावर ती एकदा जोडून पाहायला हवी होती. मी पाहिली नाही.

डिस्क कॉम्प्युटरच्या आत जोडली. फिरण्याचा आवाज नेहमीसारखा आला. पडद्यावर मात्र सूचना आली, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मी "नाही" दाबलं. वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, मग शेजारच्या हेमांगीच्या कॉम्प्युटरवरही लावली. सगळीकडे तेच. आकड्यांकडे पाहिलं तर २७९४ जीबीच्या डिस्कवर फक्त ३४९ जीबीचा भाग दिसत होता, तोही न वाचता येणारा. बाकी सगळी जागा मोकळी. दोन्ही आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि त्यापुढे लिहिलं, "कारण अज्ञात."

दुसऱ्या दिवशी डिस्क आणि वही घेऊन गफूरभाईंच्या दुकानात गेले. कॉलेजचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करायचे. त्यांनी डिस्क कानाला लावली, जोडली, आकडे बघितले आणि कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, भागा."

"काय?"

"वरचा आकडा खालच्याने. शिकवायचं काम तुमचं, आज माझं."

भागाकार आठ आला. थोडा जास्त, पण आठच. माझ्याच वहीत रात्रभर ते दोन आकडे होते.

"डबा कुठे आहे हिचा?" त्यांनी विचारलं.

"टाकला."

"टाकला!" ते दुकानात कुणी नसतानाही कुणाला तरी सांगितल्यासारखे म्हणाले. "शिकलेली माणसं आधी डबा फेकतात. बेगम आमची अजून मोबाइलची खोकी माळ्यावर ठेवते, मी हसतो तिला. आता नाही हसणार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डिस्क आपली जागा बारीक बारीक खणांत मोजते. काही कंपन्यांचे डबे मात्र असे आठ खण जोडून कॉम्प्युटरला एक मोठा खण म्हणून सांगतात. डिस्क डब्यात होती तेव्हा तिच्यावर कुठे काय आहे त्याचा नकाशा त्या मोठ्या मापाने लिहिला गेला. डबा गेला, कॉम्प्युटर तोच नकाशा लहान मापाने वाचू लागला. त्यामुळे एक अष्टमांश भाग दिसतो, आणि तोही चुकीच्या ठिकाणचा.

"म्हणजे डिस्क ठीक आहे?"

"एकदम तंदुरुस्त. फक्त 'हो' दाबलं नाही ना तुम्ही कुठे?"

"नाही."

"मग त्याच जातीचा डबा आणा. बिनडब्याचंही काढता येईल, पण फाइलींची नावं जातील. डबा मिळाला तर काहीच करावं लागणार नाही."

बाजारात तो डबा आता मिळत नव्हता. गफूरभाईंनी पाचसहा फोन केले. शेवटी सावद्याच्या प्रेमराज नावाच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे तसाच एक निघाला. मी सावद्याची बस धरली.

प्रेमराजचा स्टुडिओ केळीच्या वखारीच्या वर होता. डबा देताना त्याने त्यातली स्वतःची डिस्क काढून जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली. "दोन हजार तेराची सगळी लग्नं आहेत, मॅडम. अर्धी मोडली असतील, पण फोटो मागायला अजून येतात." मग विचारलं, "तुमच्यात काय आहे? लग्न?"

"एका बाईंचं बोलणं आहे."

"मग सांभाळून न्या. फोटो परत काढता येतो. बोलणारं माणूस परत कुठून आणायचं?"

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. मला हलकं वाटत होतं. पुनमला फोन करून सांगितलं, परवा ये. ती म्हणाली, "साक्रीहून पहाटेची गाडी धरते. धुळ्याला बदलली की अकरापर्यंत पोचते."

ती दहालाच गफूरभाईंच्या दुकानात आली. सोबत पिशवीत कुरडूची जुडी होती. "आईच्या हाताची सवय, रिकाम्या हाताने यायचं नाही," असं म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. गफूरभाईंनी तिला खुर्ची पुसून दिली. डिस्क डब्यात बसवली आणि वायर जोडली. काही क्षणांत पडद्यावर पूर्ण आकडा आला. २७९४. खाली माझ्या फोल्डरांची नावं, तालुका, गाव, तारीख, अगदी मी ठेवली होती तशी. कमलबाईंच्या फोल्डरमध्ये तीनशे बारा फाइली होत्या.

"बघा," गफूरभाई म्हणाले. "घर तेच मिळालं की ओळख पटते."

पुनमने डोळे पुसले आणि हसली. "लावा ना, मॅडम."

मी पहिली फाइल लावली. *तरोटा. हाई कवळा पाला खुडाना, फूल येवाना आंगे.* फूल येण्याआधी कोवळा पाला खुडायचा, एवढं सांगून ती संपली. सतरा सेकंद. दुसरी, एकवीस सेकंद. तिसऱ्या फाइलच्या शेवटी माझा आवाज होता. "बरं बाई, एवढं पुरे. पुढचं झाड."

गफूरभाईंनी सवयीने सगळ्या फाइली निवडून एकूण वेळ काढली. एक तास चोपन्न मिनिटं. मी कमलबाईंबरोबर एकवीस दिवस हिंडले होते.

तेव्हा मला ते आठवलं. नाही, आठवलं असं म्हणता येणार नाही. ते मला माहीत होतं, फक्त मी कधी तिकडे पाहिलं नव्हतं. नोंदीसाठी मला झाडाचं नाव, वापरायचा भाग, हंगाम आणि कृती एवढंच हवं होतं. कमलबाई दुसरं काही सांगू लागल्या की मी अंगठ्याने बटण दाबून रेकॉर्डर थांबवायची. पण हात खाली घ्यायची नाही. पहिल्या दिवशी एकदा घेतला होता, तर त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि ओशाळल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून पुढे मी बंद मशीन तसंच त्यांच्या तोंडासमोर धरून ठेवू लागले. त्या त्याच्याकडे पाहून सांगत राहायच्या. त्या वेळात मी दुसऱ्या हाताने नमुन्याची चिठ्ठी लिहून घ्यायची.

"कडूकंद लावा," पुनम म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं असणार."

कडूकंदाची फाइल एकशे सत्त्याऐंशी क्रमांकाची होती. कंद चिरून वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग तीन पाण्यांत उकडायचा, हे कमलबाईंनी नीट सांगितलं. मग त्या थोड्या थांबल्या. मागे एक पाखरू ओरडत होतं.

*पुनम पोटमा व्हती तवयनी गोट शे, बाई. मी येकलीच…*

तिथे फाइल संपली.

पुनम पडद्याकडे पाहत राहिली. "पुढची?"

मी पुढची लावली. ती मोख्याची होती.

"मधली राहिली का?" तिने गफूरभाईंना विचारलं. "डिस्कमध्ये कुठे अडकली असेल तर बघा ना, भाऊ."

गफूरभाईंनी क्रम तपासला. "ताई, एकही फाइल गेलेली नाही. सगळ्या आहेत." ते माझ्याकडे पाहत नव्हते.

डिस्क बिघडली असं सांगता आलं असतं. गफूरभाई काही बोलले नसते.

"पुढचं मी रेकॉर्डच केलं नाही, पुनम," मी म्हटलं. "मशीन हातात होतं, पण मी ते बंद केलं होतं."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"पण तुम्ही ऐकलं असेल," ती म्हणाली. " कान तर बंद नव्हते."

मला जे आठवत होतं ते मी सांगितलं. ओढा होता. त्या बाईने पानाच्या द्रोणात पाणी आणलं. तिच्याजवळ विळा होता, तो तिने दगडावर घासून घेतला. नाव त्यांनी घेतलं होतं, दोनदा घेतलं होतं. नाव मला आठवत नाही.

"आई असं सांगत नसेल," पुनम म्हणाली. "तुम्ही पेपर वाचल्यासारखं सांगता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला मान वर करता येईना. "तुमची वही असेल ना? आई म्हणायची, मॅडम सगळं लिहितात."

रानातल्या नोंदींची ती जुनी वही मी आणली होती. तिने स्वतः पान काढलं. कडूकंद, क्रमांक १८७. तारीख, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीचा रंग, वेलीची लांबी सेंटिमीटरमध्ये. खाली वेगळ्या ओळीत, माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात, "अवांतर, १५ मि."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

गफूरभाईंनी सगळ्या फाइली एका पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. पुनमने एकशे सत्त्याऐंशी नंबरची तेवढी मोबाइलवरही घेतली. बसस्टँडपर्यंत रिक्षात ती तीच ऐकत होती. आवाज कानाशी, बारीक. मी येकलीच, मी येकलीच.

फलाटावर ती म्हणाली, "वरच्या पाड्यावर सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी आहे. आईच्या वयाची. ऐकू कमी येतं, पण तिला माहीत असेल. असेलच असं नाही."

"मी येऊ? उद्याच येते. रेकॉर्डर आहे माझ्याकडे."

तिने पिशवी खांद्यावर नीट केली. "नको, मॅडम. ती जे सांगेल ते सांगू दे. मी बसते तिच्यापाशी." धुळ्याची गाडी लागली होती. पायरीवर चढता चढता ती वळली. "कुरडू आजच करा. उद्यापर्यंत सुकेल."

संध्याकाळी मी भाजी केली. कमलबाईंच्या कृतीप्रमाणे, कांदा जास्त, तेल कमी. ती कृती मला पाठ होती. दुसऱ्या दिवशी डबा परत करायला सावद्याला गेले. प्रेमराजने विचारलं, "मिळालं का मॅडम, सगळं?"

"होतं ते सगळं मिळालं," मी म्हटलं.