बिडाचा साचा आणि मीराबाईंची घासणी

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला नाक मुरडू नका. मी वॉफल, म्हणजे खळग्याखळग्यांचं विलायती धिरडं, करायचा जुना बिडाचा साचा आहे. दोन जड झाकणं, मधे बिजागरी, आत चौकटींची नक्षी. गाझियाबादच्या एका कारखान्यात मला ओतलं ते परदेशी पाठवायला. पण माझी मूठ जरा तिरकी निघाली आणि मला बाजूला फेकलं. झालं! अमेरिका राहिली आणि मी पोचलो नोएडाच्या आठवडी बाजारात.

ते नव्वदीचं दशक होतं. जिकडेतिकडे नवे सेक्टर, नवे फ्लॅट. नागपूरहून बदलून आलेले सुखदेव मेश्राम बाजारात आले होते. "साहब, एक्सपोर्ट का माल है," दुकानदार म्हणाला आणि साहेब भुलले. घरी मीराबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, भाजी आणायला गेला होतात ना?"

त्यांची लेक श्रावस्ती मात्र नाचायलाच लागली. मैत्रिणीकडे, रेवतीकडे, तिने वॉफल खाल्लं होतं. दुसऱ्याच दिवशी शाळेत सांगून मोकळी झाली, "संडे को मेरा बर्थडे है, सबको वॉफल खिलाऊँगी!"

रेवतीच्या आईने फोनवर कृती सांगितली. मैदा, आंबट ताक, सोडा, लोणी, अंड्याचा पिवळा बलक. पांढरं वेगळं फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. ताकात सोडा पडला की पीठ कसं फसफसून येई! मीराबाईंच्या हाताला चवही होती. तरी सगळं बिघडलं ते माझ्या आंघोळीमुळे.

भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, हा मीराबाईंचा बाणा. पहिलं वॉफल चिकटून फाटलं. त्यांनी राख आणि तारेची घासणी घेऊन मला असं खरवडलं की अंगात मुरू लागलेलं तेल पार निघून गेलं. पुढचं वॉफल आणखी चिकटलं. मग आणखी घासणी! अहो, बिडात तेल मुरावं लागतं. पण मी ओरडून सांगणार कसा?

"आई, मी सगळ्यांना सांगितलंय. हसतील ना मला," श्रावस्ती रडवेली झाली.

"हसू देत. मी शिरा करते."

"बर्थडेला कोणी शिरा खातं का, यार?"

मायलेकींची तोंडं फुगली. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी मीराबाईंनी हट्टाने भरपूर तेल चोपडून पुन्हा करून पाहिलं. वॉफल अर्धं सुटलं, अर्धं चिकटलं. मला घासायला नळ सोडला, तर नळ कोरडा! सेक्टरची मोटर जळली होती. घरातलं पाणी प्यायला जपायचं. नाइलाजाने त्यांनी मला फडक्याने पुसून ठेवलं. "काळंकुट्ट भांडं, शी!"

रविवारीही पाणी आलं नाही. मुली मात्र आल्या. मी तसाच तेलकट तोंडाने गॅसवर चढलो. पीठ पडलं, मला उलटवलं, वाफ थांबली. मीराबाईंनी भीत भीत झाकण उघडलं आणि वॉफल अख्खंच्या अख्खं ताटलीत पडलं! सोनेरी, टम्म फुगलेलं. "आई गं!" श्रावस्ती किंचाळलीच. मग दुसरं, तिसरं, सगळी सहज सुटली. मुली बोटांवरचा मध चाटत ओरडत होत्या, "आंटी, और है?"

मीराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई, मीच याची कातडी सोलत होते की!"

तेव्हापासून मला फक्त फडकं आणि तेलाचा बोळा. कितीतरी रविवार मी राबलो, सेक्टरभर कौतुक झालं. पुढे विजेचं यंत्र आलं, श्रावस्ती नोकरीला गुरगावला गेली, डॉक्टरांनी सुखदेवरावांचा मैदा बंद केला आणि मी माळ्यावर गेलो. कडांना गंज चढला. रागही आला, खोटं कशाला बोलू?

परवा मीराबाई दुखरे गुडघे घेऊन स्टुलावर चढल्या. मला खाली काढून त्यांनी गंज पुसला, अंगभर तेल चोळलं.

"आता कोण खाणार वॉफल?" सुखदेवरावांनी विचारलं.

"कुणी नाही. किती दिवस झाले, याच्याकडे बघितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या आणि मला परत वर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर कुणीतरी असेल. काम नसलं तरी कधीतरी खाली काढा, हात फिरवा. वर फार अंधार असतो हो.