ओळख न दाखवण्याचा नियम

घरात बाळ येणार म्हटलं की भांडण नावावरून होतं, अशी आपली सर्वसाधारण समजूत. या घरात ते देशावरून झालं.

सून शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. हा विषय इतिहासाच्या शेपटीला बांधलेला असतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचा असतो, हे सुजाण वाचकांना ठाऊक आहेच. नवरा विमा कंपनीत होता. लोकांना भविष्याची भीती घालणं हे त्याचं काम. दिवसभर ती दुसऱ्यांना वाटली की संध्याकाळी थोडी स्वतःसाठीही उरायची. त्याच्या साहेबांची सून परदेशी फिरायला म्हणून गेली होती आणि येताना एक परदेशी नागरिक काखोटीला मारून आली होती. तेव्हापासून नवऱ्याला घास गोड लागत नव्हता.

"तिथे जन्मलं की तिथलं नागरिकत्व. पुढे शिक्षण, नोकरी, कशाची म्हणून चिंता नाही," तो जेवता जेवता म्हणाला.

"बाकीच्यांच्या नातवंडांना नुसते दात येतात," सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला पासपोर्ट येईल!"

टेबलाच्या टोकाला आत्याबाई बसल्या होत्या. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासरे गेले, तरी त्या घरातच राहिल्या होत्या. जन्मभर कोर्टात लघुलेखिका होत्या. लोकांची खोटी बोलणी जशीच्या तशी उतरवून घेण्यात त्यांची उमर गेली होती, आणि त्यामुळे घरात त्यांच्यासमोर कुणी फारसं बोलत नसे.

"आणि हिनं तिथे सांगायचं काय?" त्यांनी विचारलं.

"फिरायला आले म्हणून."

"एकटी? या दिवसांत? काय बघायला चालली आहे, म्हणावं?"

"वन्सं, तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची सवय," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, फाटे मी फोडत नाही. खोटं एकटं कधी येत नाही, मागून बिऱ्हाड घेऊन येतं. मी कोर्टात रोज बघायचे. एक माणूस म्हणायचा, मी तिथे नव्हतोच. मग त्याची बायको म्हणायची, ते घरी होते. मग शेजारी, मग मेव्हणा. शेवटी सगळं गाव घरी असायचं आणि खून मात्र झालेला असायचा!"

सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. सुनेलाही विचारलं, नाही असं नाही. "तुला काय वाटतं गं?" असं नवऱ्यानं विचारलं आणि ती तोंड उघडणार तोच पाण्याचा तांब्या मागितला. खरं सांगायचं तर मोह तिलाही झाला होता. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला मिळावं, असं कुठल्या आईला वाटत नाही?

या कामासाठी एक मार्गदर्शक होते. त्यांच्या कार्यालयात भिंतीवर एक विमान होतं आणि एक बाळ, दोन्ही हसरी. कपडे सैल घालायचे, पर्स पोटासमोर धरायची, नवरा बरोबर न्यायचा नाही, कारण जोडपं दिसलं की पोटाकडे लक्ष जातं, असं त्यांनी शिकवलं. "आणि ताई, कितवा महिना असं कुणीही विचारलं, अगदी डॉक्टरनं विचारलं तरी, दोन कमी सांगायचे. झोपेतून उठवलं तरी तोंडातून हेच आलं पाहिजे. घोका!"

घोकणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं वर्षानुवर्षं मुलांकडून नागरिकाची कर्तव्यं अशीच घोकून घेतली होती.

सहावा लागला आणि ती निघाली. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "फिरायला." त्यानं शिक्का मारला. एवढा अभ्यास करून पेपर सोपा यावा तसं तिला झालं. रडूही आलं, पण पर्यटक रडत नाहीत.

मार्गदर्शकांनी घेतलेली जागा एका इमारतीत वरच्या मजल्यावर होती. चार खोल्या, चार बाया, सामाईक स्वयंपाकघर. चौघीही कागदोपत्री पर्यटक. खिडकीला जाड पडदा होता. तो उघडायचा नाही हा पहिला नियम. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. बाहेर चार पोटुशा बाया एकत्र दिसल्या की लोकांच्या डोळ्यांवर येतं. म्हणून इमारतीच्या दारातून एकेकटीनं निघायचं, आणि रस्त्यात एकमेकींना ओळख दाखवायची नाही.

सकाळी जिच्या कपात साखर घालायची, तिच्याच अंगावरून दुपारी परक्यासारखं जायचं. पहिल्या आठवड्यात हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात हसू येईनासं झालं. तिसऱ्या आठवड्यापासून घरातही त्या एकमेकींकडे फारशा बघत नव्हत्या. सवय दार बघून थोडीच थांबते?

दिवस फार मोठे होते. ती चौकातल्या कारंज्यापर्यंत जायची, बाकावर बसायची, परत यायची. बाकावर शेजारी कुणी येऊन बसलं तर पर्स पोटाशी ओढून घ्यायची. आठवड्याला एक फोटो घरी पाठवायचा असायचा, गळ्याच्या वरचा, मागे कारंजं. नवरा तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. तिथेही दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. 'मजा आहे बाई एकीची!' मामेसासूबाई लिहायच्या. 'आम्हालाही न्या कधी!' एकानं कारंज्याला पसंतीचा अंगठा दिला होता. ती ते सगळं पडदा लावलेल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून वाचायची. बाळ पोटात लाथ मारायचं. ते सांगायला आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि ग्रुपवर तर बाळच नव्हतं.

नवऱ्याचा फोन यायचा. "सगळं ठरल्याप्रमाणे ना?" "हो." "कुणाला संशय?" "नाही." "शाब्बास!" एवढं बोलून तो ठेवायचा.

शेजारच्या खोलीत एक सडपातळ बाई होती, सतत स्वेटर विणणारी. चौघींत तीच काय ती थोडी बोलायची. तिचा सांगायचा महिना सातवा होता. खरा नववा लागला होता. हे तिनं एकदा भांडी विसळताना हळूच सांगितलं होतं, एखादं पाप कबूल करावं तसं. एके सकाळी ती स्वयंपाकघरात कपाळ दाबून बसली होती. पावलं एवढी सुजली होती की चपलेच्या अंगठ्यात बोट जाईना.

"डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"डॉक्टरकडे जा ना."

"विचारलं मी मार्गदर्शकांना फोनवर. म्हणाले, इतक्यात नको, उगाच प्रश्न विचारतात. डोकेदुखीची गोळी घ्या आणि जरा मोकळ्या हवेत जा."

ती मोकळ्या हवेत गेली. नियमाप्रमाणे एकटी.

थोड्या वेळानं सून दूध आणायला निघाली. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाबाहेर सामानाच्या ढकलगाड्या उभ्या करतात, तिथे कठड्याला टेकून स्वेटरवाली जमिनीवरच बसली होती. चेहरा राखेसारखा. माणसं गाड्या ओढून घेत होती, तिला वळसा घालून जात होती. तिनं मान वर केली, सुनेला पाहिलं.

आणि तोंड फिरवलं.

इतकं दुखत असताना त्या बाईनं नियम पाळला! सुनेनंही पाळला. ती दुधाची पिशवी न घेताच पुढे गेली, सिग्नलपाशी उभी राहिली. माणसाची हिरवी आकृती लागली, लोक रस्ता ओलांडून गेले. ती तिथेच. आकृती लाल झाली, पुन्हा हिरवी झाली. मग ती वळली आणि ज्या पोटाला इतके दिवस पर्सनं झाकलं होतं ते दोन्ही हातांनी सावरत धावत सुटली.

"कुणीतरी गाडी बोलवा! ही माझ्याबरोबर आहे! माझ्याबरोबर आहे ही!"

परक्या देशात तिनं मोठ्यानं उच्चारलेलं हे पहिलंच खरं वाक्य.

इस्पितळात डॉक्टरीणबाई स्वेटरवालीवर वाकून विचारत होत्या, "कितवा महिना?" ती अर्धवट शुद्धीत होती. ओठ मात्र बरोबर हलले. "सातवा. मी फिरायला आलेय." पुन्हा विचारलं. "सातवा. फिरायला आलेय." पाठांतर चोख होतं! मार्गदर्शकांना अभिमान वाटला असता.

वाटेत सुनेनंच त्यांना कळवलं होतं. आता त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही ताबडतोब तिथून निघा. तुम्ही त्यांना ओळखत नाही. कळलं का? ओळखत नाही!"

"हिचं ब्लडप्रेशर फार चढलंय, सोनोग्राफीत बाळ लहान दिसतंय, त्यावरून महिना कळत नाही," डॉक्टरीणबाई आपल्या मदतनिसाला म्हणाल्या. "सातवाच असेल तर बाळ कच्चं आहे, थोडी कळ काढून बघावी लागेल. भरत आलं असेल तर एक मिनिट थांबणं धोक्याचं. कुणाला नक्की माहीत आहे का?"

एकाच माणसाला माहीत होतं. आणि ते सांगायचं म्हणजे तिची स्वतःची वाळूची भिंतही ढासळणार होती. सुनेनं फोन बंद केला.

"नववा आहे. ती शिकवलेलं बोलतेय. आम्ही सगळ्याच शिकवलेलं बोलतो. मलाही सातवा आहे, पाचवा नाही!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान डोलावली आणि खाट आत घेतली.

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आता कुणी अधिकारी येईल, दंडाला धरेल, असं तिला वाटत होतं. कुणी आलं नाही. एक परिचारिका आली आणि तिचेच पाय सुजलेत का ते बघून गेली. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई आल्या. मुलगी झाली होती. आईचा धोका टळत होता, पण अजून पुरता टळला नव्हता.

"इथे येऊन बाळंत व्हायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण पोट लपवत आलात की दुखणंही लपवता. मग मी कुणावर उपचार करू? पर्यटकावर?"

तिनं घरी फोन लावला. नवऱ्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तिनं झालेलं सांगितलं आणि म्हणाली, "अहो, मी परत येतेय. इथल्या डॉक्टरांना खरा महिना सांगून विचारलंय. दोन-चार दिवसांत निघाले तर विमानात घेतील."

"अगं, वेडी का खुळी? आता काठावर आलीस आणि—"

"सूनबाई, जरा कळ सोस गं," सासूबाई म्हणाल्या. "पोराचं सोनं होईल."

"वहिनी, थांबा," हा आवाज आत्याबाईंचा. "अरे, तुझं गणित मला सांग. पोराला उद्या कुणी परकं म्हणू नये म्हणून तू त्याच्या आईला आजच परकी करून ठेवलीस. ती तिकडे पडली असती तर तिची ती शेजारीणसुद्धा तोंड फिरवून गेली असती. तुम्ही तसंच शिकवून पाठवलंत ना? लोक परदेशी जातात, तिथलेच होतात, उजळ माथ्यानं होतात. त्याला कोण नाही म्हणतंय? पण जिथे राहायला चोरासारखं शिरावं लागतं, तिथल्या नागरिकत्वाची सुरुवातच खोट्या साक्षीनं होते. आणि ही साक्ष तू न जन्मलेल्या लेकराच्या तोंडी घालतोयस!"

कुणी हसलं नाही.

"त्या बाईजवळ कोण होतं गं? ती पडली तेव्हा?" नवऱ्यानं विचारलं. आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता.

"मी होते. पण आधी मी पुढे निघून गेले. नियम होता."

त्यानं फोन टेबलावरून उचलून कानाला लावला. मग म्हणाला, "तू जेवलीस का?"

इतक्या आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. तिला हुंदका आवरेना. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

"आधी काहीतरी खा. ये तू. विमानतळावर मी येतो, एकटी येऊ नकोस तिथून पुढे."

सासूबाईंचा पडलेला चेहरा उजळायला आणखी काही दिवस लागले. पासपोर्टऐवजी दातांवरच समाधान मानायचं म्हणजे वेळ लागणारच. मार्गदर्शकांनी मात्र त्याच संध्याकाळी सुनेला ओळखेनासं केलं. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

निघण्यापूर्वी ती रोज स्वेटरवालीपाशी जाऊन बसली. तिच्या नवऱ्याला यायला परवानगी मिळत नव्हती. येण्याचं कारण काय लिहावं हेच त्याला सुचत नव्हतं. मुलगी शेजारी निजलेली असायची, त्या देशाची संपूर्ण, कायदेशीर नागरिक. आणि आई भेटायच्या वेळेत दाराकडे बघत असायची. शेवटच्या दिवशी सून उठली तेव्हा स्वेटरवालीनं तिचा हात धरून ठेवला, सोडेना. परिचारिकेनं वेळ संपल्याची खूण केली, मग सुटला.

सुजाण नागरिकहो, लेकरासाठी मोठं जग मागणं हा काही गुन्हा नव्हे. ते सगळेच मागतात. फक्त ते समोरच्या दारानं, खरं नाव, खरं काम आणि खरा महिना सांगून मागावं. कारण लपवायची सवय लागली की माणूस दुखणंही लपवतो, आणि लपवलेल्या दुखण्यावर कुठल्याच देशात औषध नाही. बाळाला एक देश पुरतो. बाळंतिणीला मात्र उशाशी एक तरी ओळखीचं माणूस लागतं, आणि ते कुठल्याही सरकारला देता येत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं.