चौदा दिवसांची मुदत

बाईंनी एसीची जाळी नळाखाली धरली. आधी काळं पाणी निघालं, मग करडं, आणि ते करडं पाणी बराच वेळ करडंच वाहत राहिलं. त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक चौकट घासायला घेतली.

"किती आले?" मागून टेलिफोन आजोबांनी विचारलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी इथे येऊन बसत. पगार नव्हता, पण खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे होती.

"शून्य."

"बावीस जणांत एकही नाही?"

"आत्ता तीन वाजतायत. मुदत पाचपर्यंत आहे."

खोली एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर होती. दोन लोखंडी कपाटं, दोन एसी, एक स्टूल. शहरातल्या बावीस लहानमोठ्या इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या तारा इथे एका यंत्रात एकत्र येत. तसं नसतं, तर या गल्लीतला निरोप समोरच्या गल्लीत पोचायला समुद्रापलीकडे जाऊन आला असता, आणि त्या प्रवासाचे पैसे लहान पुरवणाऱ्यांना परवडले नसते. सगळे मिळून भाडं आणि वीज भागवत. कारभार सभासदांचाच. बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवत आणि इथे विनावेतन चिटणीस होत्या.

यंत्राला अकरा वर्षं झाली होती आणि त्याचे सुटे भाग आता बनत नव्हते. नवीन यंत्राइतकी वर्गणी जमणं शक्यच नव्हतं. तेव्हा सभासदांपैकीच सर्वांत मोठ्या कंपनीने प्रस्ताव ठेवला. यंत्र आम्ही देऊ, पाच वर्षांचा सगळा खर्चही करू. कलमं अकरा होती. नवव्यात लिहिलं होतं की कोणाला सभासद ठेवायचं आणि कोणाला नाही, याचा अंतिम निर्णय यापुढे खर्च करणाऱ्या सभासदाचा राहील.

इथे हात वर करून मतदान होत नसे. प्रस्ताव सगळ्यांना मेलने जाई आणि चौदा दिवस थांबायचं. एकाही सभासदाने दोन ओळींचा आक्षेप लिहिला तर प्रस्ताव थांबे आणि चर्चा सुरू होई. कोणीच काही लिहिलं नाही, तर मंजूर. हा नियम नऊ वर्षांपूर्वी बाईंनीच लिहिला होता. सभांमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं, हे त्यांनी वर्गातही पाहिलं होतं. मागच्या बाकावरच्या एखाद्याची एक ओळ पुरेशी ठरावी, एवढाच त्यांचा हेतू. त्याखाली त्यांनी आणखी एक नियम घातला होता, कारण आधीचे चिटणीस घरोघर फोन करून लोकांची मतं फिरवत. चिटणीसाने प्रस्तावावर मत देऊ नये. चिटणीसाच्या सांगण्यावरून आलेला आक्षेप बाद धरावा.

"तारभाऊच्या कानावर तेवढं घाला," आजोबा म्हणाले. "कंपनीला त्याच्याच गल्ल्या हव्यात. पहिला तोच बाहेर जाईल."

"तारभाऊंच्या कानावर घातलेलं तिथे राहतं का? मागे मी त्यांना एक सेटिंग बदलायला सांगितलं, तर त्यांनी बावीस जणांना मेल केला. 'ताईंच्या सांगण्यावरून बदल केला आहे.'"

आजोबा हसले. "मग मी सांगतो."

"ते लिहितील, 'आजोबांकडून ताईंचा निरोप मिळाला.'"

आजोबांचं हसू हळूहळू ओसरलं. बाईंनी जाळी झटकून खिडकीत उन्हाला लावली आणि हात पुसले.

"आठवण करून द्यायला जाऊन येते. आठवण करून देणं नियमात बसतं."

तारभाऊंचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. एके काळी ते स्वतः गच्च्यांवरून उड्या मारत तारा टाकायचे, तेव्हापासून हेच नाव. आता सात गल्ल्या आणि चारशेदहा जोडण्या होत्या. पैशांच्या गल्ल्यावर त्यांची बायको, वहिनी, बसल्या होत्या, एक फोन कानाला आणि दुसरा हातात.

"बंद करून चालू करा. केलं? मग पुन्हा करा. अहो, मीसुद्धा नवऱ्याला तीनदा हाक मारते, तेव्हा तो चालू होतो."

नवरा शिडीवर होता. "ताई! फोन करायचा की. तुम्ही कशाला पायपीट केलीत?"

"प्रस्तावाची मुदत आज पाचला संपते. वाचलात?"

"तुम्ही पाठवलाय म्हणजे व्यवस्थितच असणार."

"वाचलात का?"

"हे स्वतःच्या घरचं वीजबिलसुद्धा वाचत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"नवीन यंत्र मिळतंय एवढं वाचलं. चांगलंच आहे ना?" तारभाऊ दोन पायऱ्या उतरले.

बाईंनी गल्ल्यावर पडलेलं तारेचं विस्कटलेलं वेटोळं उचललं आणि सरळ करायला घेतलं. "अकरा कलमं आहेत. सगळी वाचा. शेवटपर्यंत."

'शेवटपर्यंत' म्हणताना आपला आवाज किंचित जड झाला का, ते त्यांना कळेना. वहिनींनी मात्र हातातला फोन खाली ठेवला.

"काळजीसारखं काही आहे का हो, ताई?"

बाईंनी तारेचा आणखी एक फेरा घातला, आधीच्या फेऱ्याएवढाच. "तुम्ही दोघं बसून वाचा. पाचच्या आत."

"वाचतो, शपथ," तारभाऊ म्हणाले. "तुम्ही स्वतः आलात म्हणजे आता वाचायलाच हवं."

बाई परतल्या तेव्हा जाळी सुकली होती. ती बसवून त्यांनी एसी सुरू केला. संगणकावर आक्षेपांचं पान उघडं होतं. त्यांनी ते ताजं केलं. थोड्या वेळाने पुन्हा केलं.

चार बेचाळीसला फोन वाजला.

"ताई, वाचलं. दोघांनीही. सगळी अकरा." तारभाऊंचा आवाज दुकानातल्यापेक्षा हळू होता. "ते नऊ नंबरचं मात्र जरा खटकलं."

बाई उभ्या राहिल्या. आजोबांनी स्टुलावरूनच मान वर केली.

"ही म्हणते, लिहून टाका. मी म्हटलं, एवढा मोठा प्रस्ताव माझ्यामुळे अडला तर लोक काय म्हणतील? यंत्र बंद पडलं तर सगळे माझ्या नावाने ओरडतील. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला मत देता येत नाही, भाऊ."

"नियम माहीत आहे हो. मत नकोच. एवढंच विचारतो, त्यात आम्हाला धोका असता तर तुम्ही बोलला असतात ना?"

बाईंनी तोंड उघडलं. यंत्रावर बावीस हिरवे दिवे लुकलुकत होते. सतरावा तारभाऊंचा होता, आणि या वेळी तो इतरांपेक्षा जास्त घाईत असे, कारण त्या सात गल्ल्यांतली मुलं तेव्हा शाळेतून घरी येत. एसीचा आवाज एकसारखा चालू होता. फोनमध्ये दुकानातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"अजून अठरा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.

पलीकडे तारभाऊ मोकळं हसले. "तुमचं नेहमीचंच. शेवटच्या मिनिटापर्यंत सगळं नियमात. नाही ताई, कळलं मला. गप्प म्हणजे मान्य. आपलाच तर नियम आहे. तुम्ही गप्प, मग मीही गप्प. बरं झालं विचारलं, उगीच जिवाला घोर लागला होता."

फोन ठेवला गेला.

"वाचलं त्याने?" आजोबांनी विचारलं.

"सगळं."

बाई बसल्या. पाच वाजेपर्यंत त्यांनी ते पान बारा वेळा ताजं केलं. पाच वाजून दोन मिनिटांनी त्यांनी इतिवृत्त लिहिलं. 'प्राप्त आक्षेप शून्य. प्रस्ताव सर्वसंमतीने मंजूर.' एकदा वाचून त्यांनी ते बावीस जणांना पाठवलं.

मिनिटभरात एक मेल आला. चौदा दिवसांत आलेलं कुणाही सभासदाचं ते पहिलंच उत्तर होतं, आणि ते सगळ्यांना पाठवलेलं होतं.

'अभिनंदन ताई. नेहमीप्रमाणे चोख काम. आपला, तारभाऊ.'