उजव्या छातीवरचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. कागदोपत्री मला पदक म्हणतात, पण मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात तो शब्द कोणाच्या तोंडी नाही. टांकसाळीत जन्मलो, आणि माझ्या कडेवर बारीक अक्षरांत एका शिपायाचा नंबर आणि नाव कोरलं गेलं: सेवादास राठोड.

सेवादास फौजेत स्वयंपाकी होता. उंचावरच्या ठाण्यात बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यात डाळ शिजवायची आणि वरच्या चौकीतल्या जवानांना गरम पोचवायची. एकदा वादळात तो डबे घेऊन निघाला. जवान जेवले, पण याच्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली आणि कापावी लागली. त्या नोकरीबद्दल त्याला मिळालेला मी.

सतरा वर्षांची नोकरी संपवून तो घरी आला, तेव्हा माणसं जमली. पहिला प्रश्न काय, तर "किती मारले गा?"

"एकबी नाई. मी लंगरात होतो. पोळ्या लाटल्या."

झालं! लोक उठून गेले. तो लंगडत चालला की म्हणायचे, "कॅन्टीनची चढली वाटते." तो थेंबाला शिवत नाही, हे त्याची बायको रामीबाई सोडून कोणाला खरं वाटत नाही. आणि तीच माणसं त्याच्याकडे बाटली मागायला दारात! फौजी म्हटला की तो एक तर मारणारा पाहिजे, नाही तर पिणारा. डाळ शिजवणारा फौजी कोणाला नको.

तांड्यातलाच देवानंद. भरतीत दोनदा धावला, दोन्ही वेळा दम लागून खाली बसला. मग पुण्याला एका कंपनीच्या फाटकावर आठ वर्षं शिट्टी फुंकली. परत येताना फौजी छापाचं जॅकेट आणि गॉगल घेऊन आला, आणि 'मेजर' झाला! आठ वर्षं कुठं होता, ते कोणी विचारलं नाही. दसऱ्याला त्यानं तीन दुश्मन मारले होते, होळीपर्यंत अकरा झाले. लोक जिवाचा कान करून ऐकायचे.

गेल्या वर्षी पंचवीस जानेवारीला तो सेवादासकडे आला. "काका, शाळेत पोरायले तुमचा बिल्ला दाखवाचा हाय. एक दिवस द्या."

सेवादास किती हरखला म्हणून सांगू! त्याच्या नोकरीची कोणी पहिल्यांदाच कदर करत होतं. त्यानं मला राखेनं घासून लख्ख केलं आणि देवानंदच्या हाती दिलं. सकाळी इस्त्रीचा सदरा घातला आणि आपलं नाव पुकारतील म्हणून रामीबाईला घेऊन पुढच्या रांगेत बसला.

नाव पुकारलं देवानंदचं. "झेंडावंदन आपले मेजरसाहेब करतील." आणि मी त्या भामट्याच्या छातीवर! मोबाइलवर कोण्या फौजीचा फोटो समोर धरून त्यानं मला टाचलं होतं. फोटोतल्या माणसाची डावी छाती बघणाऱ्याच्या उजवीकडे येते; पदकं तिथं दिसली, म्हणून यानं लावलं आपल्या उजवीकडे.

फौजेत आपलं पदक डाव्या छातीवर लावतात. उजवीकडे लावतात ते घरच्या मेलेल्या माणसाचं. सेवादासचा चेहरा पांढराफटक पडला.

रामीबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "चूप काहून बसले? बोला ना, तुमचाच हाय थो!"

तो उठला. "गुरुजी, थो बिल्ला माहा हाय. कडेवर माहं नाव हाय, वाचून पाहा."

"पोळ्या लाटणाऱ्याले कोण बिल्ला देते गा?" मागून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला. गुरुजी माझ्यापासून दोन पावलांवर होते. चष्मा खिशातच राहिला.

"राठोड, आजच्या दिवशी तमाशा नको," म्हणाले, आणि देवानंदला दोरी ओढायची खूण केली. झेंडा फडकला, राष्ट्रगीत सुरू झालं. मग खरा फौजी बोलतो होय? सेवादास तिथंच सावधान उभा राहिला. गीत संपलं तेव्हा लोक मेजरसोबत फोटो काढत होते.

दुसऱ्या दिवशी तो देवानंदच्या घरी आला. आवाज चढवला नाही. "उजव्या बाजूले मेलेल्याचा लावते, बापू. मी जिता हाय अजून."

"असं का, काका? मले काय मालूम! देतो ना बिल्ला, आठ दिवसांत."

ते आठ दिवस आलेच नाहीत. सेवादासनं चार चकरा मारल्या. शेवटी लोकांनी त्यालाच दटावलं, "मेजरच्या मांगं काहून लागला? जळून राह्यला काय त्याच्यावर?" त्यानंतर तो आला नाही.

अरे वाचता येणाऱ्यांनो, टाळ्या वाजवण्याआधी एकदा माझी कड तर वाचा! नख लावलं तरी अक्षरं कळतात.

यंदाही झेंडा देवानंदनंच फडकवला. रिठद गावचे, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार पाहुणे होते. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, बाजू पाहिली, आणि देवानंदला कडक सलाम ठोकला. मी डाव्या छातीवर होतो. बरोबर बाजू त्याला सेवादासनंच शिकवली होती.