शेपट्या

वहिनीबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप, हे धाकटीला पहिल्या व्हिडिओपासूनच ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. एरवी नणंदा भावजयांना छळतात म्हणे. या घरात कारभार उलटा होता.

दोघींचा नियम साधा होता. चित्रीकरण धाकटीचं, ते चालू असताना वहिनीने तिकडे फिरकायचं नाही. संकलन वहिनीचं, तेव्हा धाकटीने खोलीत पाय ठेवायचा नाही. एका म्यानात दोन तलवारी ठेवायच्या तर एवढं पथ्य पाळावंच लागतं. या नियमावर त्यांचे बरेच व्हिडिओ झाले, लोकांनी वाखाणलेही, आणि दर वेळी धाकटीच्या नाकी नऊ आले.

या वेळी मात्र प्रश्न आईचा होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आजारपणात धाकटीने गावी जाऊन-येऊन तिचं जे चित्रीकरण केलं तेवढंच आता हाताशी होतं, आणि ते कलादालनाच्या अंधाऱ्या खोलीत अख्ख्या भिंतीवर दिसणार होतं. इथे वहिनीचा हट्ट चालवून घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं. नियम गेला खड्ड्यात. तिने गुपचूप स्वतःच संकलन केलं. आईचे हात: मटार सोलणारे, बटण शिवणारे, टेबलावरचा कागद नखाने सपाट करणारे. खिडकीतला उजेड असा पडलेला की कुणीही बघत राहावं. व्हिडिओ फक्त माझ्या नावाने लागेल, असं दालनवाल्या बाईंना कळवायचं तेवढं बाकी होतं.

निदान तोंडावर सांगावं, म्हणून ती वहिनीच्या खोलीत गेली. वहिनी पडदे ओढून, हेडफोन लावून बसली होती.

"मी माझं केलंय," धाकटी म्हणाली. "बघून घे, आणि या वेळी तू बाजूला हो."

वहिनीने सगळं पाहिलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. "शेपट्या पाहिल्यास का पण?"

झालं! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शॉट संपला की कॅमेरा टेबलावर तसाच चालू सोडून पाणी प्यायला जायचं, ही तिची जुनी खोड. त्या मागे उरलेल्या तुकड्यांना दोघी शेपट्या म्हणत. रिकामी भिंत, खुर्चीची पाठ, कुणाचं तरी कोपर. धाकटी त्या कधी बघतसुद्धा नसे, आणि वहिनी नेमक्या त्याच उचलून व्हिडिओत घालायची.

"शेपट्या, शेपट्या! मी उजेडाची वाट बघत बसायचं आणि तू कचरा वेचायचा! माझी आई आहे ती, वहिनी. तुझा प्रयोग नाही!"

"बस," वहिनी म्हणाली, आणि हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

मटारचा शॉट. हात. मग चित्र हललं, कॅमेरा टेबलावर टेकला, धाकटीची पावलं दूर गेली. नुसती भिंत. वैतागून ती उठणार, एवढ्यात खुर्ची सरकली आणि आईचा चेहरा सगळ्या पडद्यावर आला.

"चालू आहे का हे?" आईने भिंगात डोकावून पाहिलं. कपाळावरचे केस सारखे केले. "हिला मेलीला माझे हातच दिसतात. एवढ्या लांबून येते नि हातांचे फोटो काढून जाते. एकदा तोंडाकडे बघ गं बाई. तेही तुझंच आहे." बाहेर पावलं वाजली, तशी ती गुपचूप जागेवर जाऊन मटार सोलायला लागली.

साऱ्या चित्रीकरणात आईचा चेहरा तेवढाच होता. आजाराने उतरलेलं ते तोंड बघवत नव्हतं म्हणून धाकटीने कॅमेरा हातांवरच धरून ठेवला होता. उजेडाचं नुसतं निमित्त होतं.

"फोकस नाहीये," ती म्हणाली. सवय जाता जात नाही.

"नसू दे!" वहिनी पहिल्यांदाच ओरडली.

धाकटीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. वहिनीचा रागही येत होता आणि तिला सोडवतही नव्हतं. "तू कसं बघत बसतेस गं हे, रोज?"

"मी त्यांची लेक नाही ना," वहिनी म्हणाली. "म्हणून मला शेवटपर्यंत बघता येतं."